जडवस्तू नोंदवही

तळघराचं कुलूप काढलं की आधी वास येतो.
नवा शिपाई म्हणाला, मॅडम, इथे कुणी लोणचं घालतं का?
म्हटलं, हो. एकोणऐंशी सालापासून.
फिल्म मरायला लागली की आंबते,
डब्यात, गुपचूप,
आणि एकीचं शेजारणीला लागतं.

नोंदवहीत त्या अशा:
आफ्रिकी चित्रफिती, सोळा मिमी, नग एकशे चाळीस.
व्हिडिओ कॅसेट, नग त्रेसष्ट.
शेरा: देणगी. किंमत: निरंक.
वरच्या ओळीत खुर्च्या, खालच्या ओळीत
एक मोडकं सायक्लोस्टाईल.

दारेसलामचा एलियास म्सुया
गणेशखिंडीत शिकायला होता.
जाताना ट्रंका ठेवून गेला. नेतो म्हणाला.
मग त्याचं एक पत्र: इकडे समुद्र आहे,
खारं वारं डब्यांना खातं.
पुण्याची हवा चांगली, असं तुम्हीच सगळे म्हणायचात.
पेन्शनरांना मानवते, तर फिल्मलाही मानवेल.

एसी आहे. शुक्रवारी सहाला बंद,
सोमवारी दहाला सुरू. वीजबिलाचं परिपत्रक.
दोन दिवस त्या घामेजतात,
तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजते.
माणसं असती तर रजा टाकली असती.

अकरा वेळा निधी मागितला.
लेखाधिकारी हसबनीस चष्मा पुसत विचारायचे,
यांचा आपल्याशी संबंध काय?
आपल्याच फिती सडताहेत की.
त्यांचं चूक नव्हतं.
मला उत्तर येत नव्हतं.

नोव्हेंबरात नीमा आली. कृषीची विद्यार्थिनी,
कोंढव्यात चौघींत एक खोली,
घरमालक दर अकरा महिन्यांनी डिपॉझिट वाढवणारा.
तिला फक्त झेरॉक्स हवी होती.
माझ्या टेबलावरच्या डब्याचं लेबल
तिनं उलट्या बाजूनं वाचलं.

रीळ चढवलं. हातानंच फिरवलं,
मोटर लावली की भोकं फाटतात.
मासळीबाजार. आवाजाची पट्टी गेलेली.
एक बाई मासे मोजतेय
आणि मधेच कॅमेऱ्याकडे बघून फटकारतेय.
नीमा फिस्सकन हसली.
काय म्हणते?
म्हणते, सरक तिकडे, माझा हेसाबू चुकवलास.
हेसाबू?
हेसाबू. हिशेब.

चौकट दिव्यापुढे तापू नये
म्हणून मी रीळ पुढे ढकललं, पण आम्ही तिथेच होतो.
ती म्हणाली, कलामू. मी म्हटलं, कलम.
साबुनी. साबण.
बिमा. अगं, विमा!
दुनिया.
दुनिया.
कुठल्या गलबतातून कोण काय घेऊन उतरलं
ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

बाराव्या अर्जात, समर्थन या रकान्यात
मी फक्त ती बाई लिहिली.
मासे, बोटं, आणि तो एक शब्द.
अठरा हजार मंजूर.
एकतीस मार्चच्या आत खर्च, उपयोगिता प्रमाणपत्रासह.
अठरा हजारात एक रीळ होतं.
कुठलं, हे ठरवायला आम्हाला वेळ लागला नाही,
आणि त्याचीच नंतर लाज वाटली.
बाकीची तर आम्ही उघडलीही नव्हती.

एकशे एकोणचाळीस राहिली.
हसबनीस पडताळणीला स्वतः खाली आले,
नाकाला रुमाल.
अर्ध्यात मोजणी थांबवली,
रुमाल काढला, एकदा हुंगलं.
वडिलांच्या निगेटिव्हना हाच वास यायचा, म्हणाले,
टाकून दिल्या आम्ही, घर रंगवताना.
मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.
पैसे काही वाढले नाहीत.

त्या शुक्रवारी सहाला
मी एसी बंद करायला विसरले.
पुढच्याही शुक्रवारी.
खुलासा मागवलाय. विसरले, असं लेखी दिलं,
खाली सही, तारीख,
आणि वहीत किंमत: निरंक,
तिथे पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह.
पेन्सिलीनं, म्हणजे
खोडायचं तर खोडता येईल.